रकाना सातवा: येण्याचे कारण

४ जून

ढब्बूस अनेक आशीर्वाद.

माझ्या कानांबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. नाकाबद्दल काढलं, जिभेबद्दल तर ठराव पास व्हायचाच काय तो बाकी आहे. पण कान बिचारे दोन्ही बाजूंना गुपचूप राहून आपलं काम करत आले. काल तुझ्या देशाच्या वकिलातीने माझा व्हिसाचा अर्ज परत केला. का, तर फोटोत डावा कान पूर्ण दिसत नाही. खिडकीत एक चष्मेवाला बसतो. त्याला म्हटलं, मी तिकडे कानाने येणार नाहीये. त्याने न हसता एक छापील कागद पुढे सरकवला. सोळा अटी. नववी कानांची. पांढरी भिंत, चष्मा नको, हसू नको, दात नकोत, कान मात्र दोन्ही. हसू नको ही अट मी त्या खिडकीसमोर उभ्याउभ्या पुरी करून दाखवली.

तुला हसू येईल, पण माझी किती नाचक्की झाली ते बघ. तीस वर्षं मी कोर्टाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर मांडून बसलेय. लोकांचे घटस्फोट, वारसदाखले, हरवलेले परवाने, सगळे माझ्या बोटांखालून गेले. माझ्या हातचा अर्ज परत आला, असं एकदाही झालं नाही. शेजारचा स्टँपपेपरवाला काल संध्याकाळपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला माझा कान दाखवत होता.

तर, मी येतेय. तुझ्या मागच्या पत्रात सही झाल्यावर कडेला आडवं लिहिलं होतंस, ‘ये ना एकदा.’ दक्षिण अमेरिकेत जाऊन बावीस वर्षं झाली, एकदाही असं लिहिलं नव्हतंस. तू मागणाऱ्यातला नाहीस. लहानपणी तहान लागली तरी कुणी भांडं पुढे करेपर्यंत गप्प बसायचास. म्हणून ते तीन शब्द वाचले आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले.

आता तुझं काम. वकिलातीला तुझं निमंत्रणपत्र हवंय. तू तिथला रहिवासी, अमुक पत्ता, लिफ्ट दुरुस्तीचा धंदा, मी तुझी सख्खी मोठी बहीण, मुक्काम तुझ्या घरी. खाली नोटरीपुढे केलेली सही. लगेच पाठव. बाकीचं मी बघते: बँकेचा तीन महिन्यांचा उतारा, जायचं-यायचं तिकीट, पिवळ्या तापाची लस. लस टोचणारी बाई म्हणाली, दहा दिवसांनी लागू होईल. म्हटलं, मला घाई नाही.

तुझी,
ताई


१९ जून

ताई,

तुझा कान मी ओळखतो. शाळेत मास्तरांनी तो पुष्कळदा पिळलाय, त्यामुळेच तो मागे गेला असणार. तसं वकिलातीला लेखी कळव.

तू येतेयस हे वाचून मी लेकीला दोनदा वाचून दाखवलं. तिने लगेच मागची खोली झाडायला घेतली. तिची आई गेल्यापासून ती खोली बंदच होती. खोलीत एक खिडकी आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीची लिफ्ट वर-खाली होताना दिसते. मी सध्या तिथेच बसतो. कामावर नवा मुलगा घेतलाय, तो करतो सगळं. मी गुडघ्याचं निमित्त करून जिने बंद केलेत. लिफ्टवाल्याने जिने चढणं म्हणजे स्वतःच्या धंद्याचा अपमान.

आता नीट ऐक. निमंत्रणपत्राच्या भानगडीत पडू नकोस. अर्जात सातवा रकाना असेल, ‘येण्याचे कारण’. तिथे ‘पर्यटन’ लिही. पर्यटकाला हे लोक फार विचारत नाहीत, दहा दिवसांत शिक्का मारतात. हॉटेलची पावती मी पाठवतो, तो हॉटेलवाला माझ्या ओळखीचा आहे, त्याची लिफ्ट माझ्याच जिवावर चालते. नातेवाईक लिहिलंस की पुरावे मागत बसतील. आणि मला नोटरीकडे जायला सध्या वेळ नाही.

शक्यतो जुलैच्या आत ये. ऑगस्टनंतर इथे थंडी फार असते, तुला सोसायची नाही.

आणि येताना माझ्या ओळी घेऊन ये. एकोणचाळीस आहेत, विसरली नसशील.

तुझा,
ढब्बू


३ जुलै

ढब्बूस,

हॉटेलची पावती मिळाली. छान आहे. गुळगुळीत कागद, वर सोनेरी मुकुट. फाडून टाकली.

तू काय लिहितोस, तुला कळतं का? बावीस वर्षांनी बहीण येणार, ती कशी, तर पर्यटक म्हणून. पुतळे बघायला. तुला नोटरीकडे जायला वेळ नाही, पण खोटी पावती आणायला आहे. आणि थंडीचं तर तू मला शिकवूच नकोस. तूच पहिल्या वर्षी लिहिलं होतंस, आपल्याकडे उकाडा तेव्हा तुमच्याकडे गारठा, जुलैत पाण्याच्या टाकीवर बर्फाची साय धरते म्हणून. आता ती थंडी ऑगस्टनंतर सुरू व्हायला लागली? मला लवकर बोलवायचं आणि लवकर कटवायचं, एवढंच त्यातून कळतं. माझा संकोच वाटत असेल तर तसं लिही. माझं लुगडं, माझं बोलणं, माझे दोन कान, यातलं काय तुझ्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला दाखवण्यासारखं नाही, ते सांग.

तीस वर्षं लोक माझ्यापुढे येऊन म्हणतात, बाई, इथे खोटं लिहिलं तर चालेल का. मी म्हणते, चालेल, पण टाइप दुसऱ्याकडून करून घ्या. आता माझ्याच अर्जात मी खोटं लिहू?

सातव्या रकान्यात मी लिहून दिलंय, ‘सख्ख्या भावाला भेटणे’. फोटो नवा काढला, कान असे आले आहेत की दुरून बक्षिसाच्या कपासारखी दिसते. अर्ज दाखल झाला. आता निमंत्रणपत्र आलं नाही तर तो अडेल, आणि तो तू अडवलास असं मी समजेन.

ओळींचा विषय नको.

ताई


१८ जुलै

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलो, पण हाताला पट्टी आहे, म्हणून लेक लिहितेय. तिला मराठी मी शिकवलं, तुझ्याच पत्रांवरून. त्यामुळे तिला टोमणे चांगले लिहिता येतात, बाकीचं शुद्ध नसेल.

सोबत निमंत्रणपत्र आहे. काल नोटरीकडे जाऊन आलो. सही वाकडी आहे, ती पट्टीमुळे. नोटरी तिसऱ्या मजल्यावर आणि त्याची लिफ्ट बंद. माझ्या दुकानाची नव्हे, दुसऱ्याची. खुर्चीत बसवून दोघांनी वर नेलं, नवरदेवासारखं. तू असतीस तर हसून बेजार झाली असतीस.

संकोचाचं म्हणालीस. ताई, तू जशी आहेस तशीच ये. त्या हॉटेलवाल्याला मी तुझ्याबद्दल इतकं सांगितलंय की तो तुला भितो.

पण एक विचारतो, रागावू नकोस. तो रकाना अजून बदलता येतो का, बघ. मला ठाऊक आहे तू कोण आहेस. ते वकिलातीलाही पटायला हवं, असं काही नाही.

थंडीचं चुकलंच माझं. इथे आत्ताच थंडी आहे.

ढब्बू


२ ऑगस्ट

ढब्बूस अनेक आशीर्वाद.

निमंत्रणपत्र पोचलं आणि माझा राग उतरला. हाताला जप. यंत्रात बोट घालायची तुझी खोड काही जात नाही.

आता ऐक, नवी गंमत. परवा चष्मेवाल्याने मला आत बोलावलं. तुझं निमंत्रणपत्र आणि माझा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही चोरून नेतेय. म्हणाला, तुमची जन्मतारीख तीन नोव्हेंबर. भावाची, त्याच्यापुढची तीन मार्च. तुम्ही म्हणता सख्खे, एका आईचे. मध्ये चार महिने.

मी बोटांवर मोजलं. चारच.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या मी, आपल्या दोघांच्या कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. त्याला मग सगळं सांगितलं. तुला कितपत आठवतंय कोण जाणे. मला शाळेत घातलं आणि तू फाटकाशी बसून जे भोकाड पसरलंस, ते आठवडाभर. शेवटी अण्णांनी मलाच घरी आणलं. पुढच्या वर्षी तेच. तेव्हा अण्णा तुझंही बोट धरून शाळेत गेले आणि कारकुनाला म्हणाले, दोघांना एकाच वर्गात घ्या, ही सोबत असली की तो रडत नाही. कारकून म्हणाला, सहा पूर्ण लागतात. तू पाचाचाही नव्हतास. अण्णांनी उभ्याउभ्या तुला सहाचा केला. महिना बदलला, वर्ष बदललं, आणि तारीख सुचेना म्हणून माझीच तीन घातली. आई घरी कपाळाला हात लावून म्हणाली, अहो, निदान हिशोब तरी करायचा. अण्णा म्हणाले, कोण बघतंय.

पन्नास वर्षांनी दुसऱ्या खंडातला माणूस बघतोय, अण्णा.

चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, बाई, गोष्ट चांगली आहे, पण तिला शिक्का नाही. तेव्हा आता शिक्के जमवतेय. शाळेचा दाखला मिळाला. आईची सुईण नाही, पण सुईणीची सून आहे, तिला घेऊन प्रतिज्ञापत्र केलं, स्वतः टाइप केलं, एक अक्षर खोडलं नाही. फाइल मोठ्या साहेबाकडे जातेय, महिनाअखेर निकाल. चष्मेवाला हळूच म्हणाला, पर्यटन लिहिलं असतंत तर तारखा कुणी जुळवल्याच नसत्या. मी म्हटलं, मग मी बहीण असल्याचं कुणी विचारलंही नसतं.

कसं बोलले?

ताई


१६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हे पत्र बाबांनी सांगितलेलं नाही. त्यांना माहीत नाही मी लिहिते. माझं मराठी चुकेल, माफ करा.

बाबांच्या हाताला पट्टी नाही. हात उचलत नाही. आजार हाडात आहे, एप्रिलपासून. त्याआधी कुठे होता ते डॉक्टरांनी सांगितलं, पण मला त्याचा मराठी शब्द येत नाही आणि बाबांना विचारता येत नाही. जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, ऑगस्टपर्यंत. म्हणून बाबांनी तुम्हाला ते थंडीचं लिहिलं. मी म्हणाले खरं लिहा. ते म्हणाले, खरं लिहिलं तर ताई रडत येईल, मला ती भांडत यायला हवी.

तुमची पत्रं मी मोठ्याने वाचते. चार महिन्यांचं वाचलं तेव्हा ते इतके हसले की नर्स आली. म्हणाले, म्हणजे कागदावर मी चारच महिन्यांनी लहान, मग आयुष्यभर तिला ताई का म्हणत बसलो.

आत्या, तुम्ही पर्यटक म्हणून या. कसंही या. रोज दुपारी विचारतात, तिने रकान्यात काय लिहिलं.

तुमची भाची


२९ ऑगस्ट

ढब्बूस,

तुझ्या लेकीचं पत्र आज अकराला मिळालं. तिला रागावू नकोस.

मी टाइपरायटरवर कव्हरही न घालता वकिलातीत गेले. खिडकीवर सांगितलं, रकाना बदलायचाय. मी पर्यटक आहे. मला तुमच्याकडचे पुतळे बघायचेत. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची आणवली. म्हणाला, आता बदलायचं तर जुना अर्ज मागे घ्यायचा, नवा द्यायचा, पंधरा दिवस. फाइल साहेबाच्या टेबलावर आहे, दोन-चार दिवसांत सही होईल. बदलू नका. तीन महिन्यांत तो पहिल्यांदाच मला काही सुचवत होता आणि मी त्याच्याशी हुज्जत घातली नाही, यावरून माझी दशा ओळख.

तू म्हणालास दहा दिवस. तसं लिहिलं असतं तर मी जुलैत त्या मागच्या खोलीत बसले असते. आपण दोघांनी मिळून ती लिफ्ट वर-खाली होताना बघितली असती आणि मी तिलाही नावं ठेवली असती. मला बहीण म्हणून लिहून हवं होतं. कुणाकडून, तर एका चष्मेवाल्याकडून.

मी येतेय. लस केव्हाच लागू झालीय. तू आहेस तिथेच थांब. तू फाटकाशी बसायचास ना मी सुटेपर्यंत, तसा.

ताई


१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बाबा सत्तावीस तारखेला सकाळी गेले. मी होते. खिडकी उघडी होती. त्रास फार झाला नाही, असं डॉक्टर म्हणतात.

सव्वीसला त्यांनी विचारलं, ताईचा निकाल लागला का. मी खोटं बोलले. म्हणाले, लागला, बहीण म्हणून मंजूर झाला, आत्या विमानात आहेत. ते म्हणाले, बघ, तिने सोडलं नाही. त्यांना बरं वाटलं असं मला दिसलं. मी चूक केली का, ते तुम्ही सांगा. इथे विचारायला कुणी नाही.

नोंद करायला ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी जन्मतारीख विचारली. मला दोन माहीत होत्या. मी कागदावरची सांगितली. घरी येऊन मोजलं. कागदावर बाबा सोळा महिने जास्त जगले.

तुमची जी पत्रं वाटेत असतील ती आली की मी त्यांच्या टेबलावर ठेवीन. उघडणार नाही.

तुमची भाची


१६ सप्टेंबर

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तू चूक केली नाहीस. आमच्या घराण्यात तारखा आणि निकाल वेळेवर लागत नसतील तर आम्ही आधीच सांगून मोकळे होतो. अण्णांनी तेच केलं, तूही तेच केलंस. आणि फक्त पाचच दिवसांचं तुझं खोटं होतं. तू पत्र लिहिलंस त्याच्या आदल्याच दिवशी, एकतीस ऑगस्टला साहेबाची सही झाली. पासपोर्टवर छापून आलंय: सख्खी बहीण, भावाला भेटणे, नव्वद दिवस. टपऱ्यांवरच्या सगळ्यांना दाखवत हिंडले मी. स्टँपपेपरवाल्याला तर कानासकट दाखवलं. तिकीटही त्याच दिवशी काढलं, पण ऑक्टोबरच्या आधीची जागाच मिळाली नाही.

परवा तुझं पत्र वाचून झाल्यावर काल पुन्हा वकिलातीत गेले. अर्जातली माहिती बदलली तर कळवावी लागते, ही सोळावी अट. दुसऱ्यांना तीस वर्षं मीच बजावत आलेय. खिडकीशी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या अर्जात एक बदल आहे. बहुतेक माझा चेहरा फोटोतल्यासारखा झाला असावा. चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुढच्या माणसाकडे बघत म्हणाला, “बाई, शिक्का पडलाय. तुम्ही मला काही सांगितलेलं नाही.”

मी म्हटलं, बरं.

तेव्हा मी सहा ऑक्टोबरला पोचतेय. तू विमानतळावर येऊ नकोस, कामाचा दिवस आहे. पत्ता माझ्याजवळ आहे, बावीस वर्षं लिफाफ्यांवर लिहितेय. विमानातून उतरताना आणखी एक कार्ड भरायला देतात म्हणे, तिथेही तोच रकाना असतो. या वेळी ज्याने लवकर आत सोडतील ते लिहीन.

मागच्या खोलीतली खुर्ची हलवू नकोस. आणि माझं ते एकोणतीसचं पत्र आलं असेल. ते राहू दे तसंच.

आता एक काम. तुझ्या बाबाने तुला ओळींचं सांगितलं असेल, नसेल तर सांगते. आम्ही दुसरीत एका बाकावर बसायचो. बोलायची मी, अखंड. एकदा मास्तर मागे वळले आणि कोण बोललं विचारलं. मी गप्प. हा उभा राहिला. पन्नास ओळी लिहायची शिक्षा झाली, ‘मी वर्गात बोलणार नाही.’ घरी लिहायला बसला, अकरा झाल्या आणि रडायला लागला, बोटं एवढीशी होती. मी म्हटलं, ठेव, उरलेल्या मी लिहिते. खेळायला गेले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी त्याने हातावर छड्या खाल्ल्या आणि माझं नाव सांगितलं नाही. पन्नास वर्षं मला त्या एकोणचाळीस ओळींवरून चिडवायचा, आणि मी विषय बदलायचे.

सोबत दोन पानं आहेत. टाइप केलेली नाहीत, टाइपरायटरवर ती लबाडी झाली असती. हाताला सवय राहिली नाही, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. त्याच्या टेबलाच्या खणात ठेव.

मोजू नकोस. मी दोनदा मोजल्यात.

तुझी,
आत्या